कायदा आणि कुणबी यांच्यामधला माणूस

सन १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात लाखो माणसे दगावली, तेव्हा कुठे सरकारला जाग आली. १८८० साली दुष्काळ आयोगाने आपला अहवाल दिला आणि त्यावरून पुढे इलाख्या-इलाख्यांचे ‘फॅमिन कोड’ तयार झाले. दुष्काळी कामे, निराधारांना अन्न, सारावसुलीची तहकुबी, सारे त्यांत लिहिलेले होते. पण छापलेले कलम काही आपल्या पायांनी कुणब्याच्या ओसरीवर चालत येत नाही!

१८९६ साली पावसाने पुन्हा दगा दिला, तेव्हा हे काम पुण्याच्या सार्वजनिक सभेने अंगावर घेतले. टिळकांच्या प्रेरणेने सभेची माणसे खेडोपाडी हिंडली. पीक बुडाले असेल तर सूट मागणे हा तुमचा हक्क आहे, कर्ज काढून सारा भरू नका, असे ती मराठीत समजावून सांगू लागली. सांगत होती ती सरकारचाच कायदा. तरी १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली!

मधला माणूस धान्य वाटतो तोवर सरकारला हवासा वाटतो. हक्क सांगू लागला की नकोसा होतो. कुणब्याला मात्र त्याची खरी गरज तेव्हाच असते.