शाईंत सांठविलेली वीज

विजेला कोंडून ठेवण्याची युक्ति मनुष्याला अपघातानेंच गवसली. सन १७४६ च्या आरंभीं हॉलंडांतील लायडन येथले प्राध्यापक म्युशेनब्रूक यांनीं पॅरिसच्या रेओम्यूरला कळविलें कीं, पाण्यानें भरलेल्या काचेच्या भांड्यांतून विजेचा जो धक्का आपणांस बसला, तो फ्रान्सचें राज्य मिळालें तरी आपण पुन्हां घेणार नाहीं. आदल्याच वर्षीं क्लाइस्ट नांवाच्या जर्मन गृहस्थालाही तोच प्रसाद मिळाला होता. आज त्या भांड्याचे वंशज अक्षरांप्रमाणें कागदावर छापतां येतात.

कपॅसिटर नांवाच्या या संग्राहकांत वीज पृष्ठभागावर बसते. जितका पृष्ठभाग अधिक, तितका सांठा अधिक. १९५७ सालीं अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिकच्या हॉवर्ड बेकर यांना सच्छिद्र कार्बन वापरण्याच्या कल्पनेचें पेटंट मिळालें, तें याच तत्त्वावर. बॅटरी हा हौद म्हटला तर संग्राहक हा लोटा: मावतें थोडें, पण भरतो क्षणांत आणि रिताही क्षणांत होतो.

मग पृष्ठभागावांचून ज्यांत दुसरें कांहींच नाहीं असा पदार्थ मिळाला तर? २००४ सालीं मँचेस्टर येथें गाइम व नोव्होसेलोव्ह यांनीं चिकटपट्टीनें ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलीत एका अणूच्या जाडीचें ग्राफीन मिळविलें. पुढें लॉस एंजेलिस येथें एल-कॅडी व केनर यांनीं डीव्हीडी-यंत्राच्या साध्या लेसरनें एका तबकडीवर शंभरांहून अधिक चिमुकले संग्राहक अर्ध्या तासांत उमटविले. तें वर्ष २०१३.

शाईला मात्र दुसरेंच द्रव्य मानवलें. २०११ त फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठांत नागीब, गोगोत्सी, बारसूम प्रभृतींनीं टिटॅनियम, ॲल्युमिनियम व कार्बन यांच्या थरदार संयुगांतून ॲल्युमिनियम तेवढें हायड्रोफ्लोरिक आम्लानें काढून टाकलें. उरलेल्या पापुद्र्यांस मॅक्सीन म्हणतात. हें आम्ल त्वचेंतून शिरून हाडांपर्यंत पोंचतें, हें मॅक्सीनची स्तुति करणारे क्वचितच सांगतात. २०१४ त तेथेंच लिथियम फ्ल्युओराइड व हायड्रोक्लोरिक आम्ल यांची सौम्यतर रीत निघाली. तींतही तेंच आम्ल भांड्यांत उत्पन्न होतें, फक्त बाटलीनें ओतावें लागत नाहीं.

२०१९ सालीं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत निकोलोसी यांच्या मंडळीनें ड्रेक्सेलच्या सहकार्यानें ही शाई छापून दाखविली. नेहमींच्या शाईंत बांधून धरणारें कांहींतरी द्रव्य लागतें. येथें तें घातलें तर विजेचीच वाट अडते. तें न घालतांही शाई उमटली, यांत सारें यश आलें. एकमेकींत दांत घातलेल्या पण एकमेकींस न शिवणाऱ्या दोन फण्या छापावयाच्या, वर आम्लयुक्त जेल पसरावयाचें, कीं संग्राहक तयार.

पण पाण्यांतली ही शाई टिकाऊ नाहीं. पाणी व प्राणवायु यांच्या संगतींत पापुद्र्यांचें टिटॅनियम डायऑक्साइड होतें, म्हणजे भिंतींच्या पांढऱ्या रंगांत असते ती भुकटी. म्हणून ती पुन्हां बाटलींतच, आर्गॉन वायु भरून, घट्ट बूच मारून, थंड जागीं ठेवावी लागते.