सैनिकांची शिस्त आणि सेवाग्रामचे उपोषण

सैनिक आणि सशस्त्र दांडगा यांत भेद कोणता? शस्त्र दोघांच्याही हाती असते व प्रसंग पडल्यास दोघेही माणूस मारतात. भेद एवढाच की, सैनिकाला आपल्या कृत्याचा जाब कोणापुढे तरी द्यावा लागतो. लढाई चालू असता त्याने काय करावे हे शिकविणे फारसे कठीण नाही. परंतु शत्रू हाती लागल्यावर, गाव ताब्यात आल्यावर आणि समोरचे माणूस निःशस्त्र झाल्यावर त्याने कसे वागावे, यातच त्याच्या शिस्तीची खरी कसोटी असते. या कसोटीत तो उतरला नाही असा आरोप आला, तर सरकारचे कर्तव्य काय? हा प्रश्न १९४२ साली वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथून एका निःशस्त्र अध्यापकाने विचारला, आणि त्याकरिता ६३ दिवस अन्न वर्ज्य केले. ती हकीकत आज श्रोत्यांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

१४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिश सत्ता संपविण्याची मागणी करणारा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईच्या अधिवेशनात त्यावर शिक्कामोर्तब झाले आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे गांधीजी व इतर पुढारी पकडले गेले. मार्ग दाखविणारे तुरुंगात गेले आणि संतापलेला समाज मोकळा राहिला. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, त्या संतापाचा एकाच वेळी दोन ठिकाणी स्फोट झाला: वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे आणि त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे. दोन्हीकडे मिरवणुका निघाल्या, दोन्हीकडे पोलिसांनी गोळीबार केला, दोन्हीकडे गावकरी मेले. नंतर चिडलेल्या जमावाने आष्टीस पोलीस सब-इन्स्पेक्टर व त्याचे काही शिपाई, आणि चिमुरास उपविभागीय मॅजिस्ट्रेट, नायब तहशीलदार, सर्कल इन्स्पेक्टर व एक शिपाई यांना ठार केले. या हत्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. ज्याच्या नावाने जमाव घोषणा देत होता, त्या महात्म्यानेही ते कधी केले नसते.

तीन दिवसांनी, १९ ऑगस्टला, चिमुरात लष्कर आले. त्यात गोरे सैनिक होते, हिंदी सैनिकही होते. गावातील पुरुष बहुतेक पकडले गेले होते किंवा रानावनांत पांगले होते; घरांत उरल्या होत्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे. पुढील दोन दिवसांत घरे फोडली गेली, चीजवस्तू लुटली गेली आणि अनेक स्त्रियांवर बलात्कार झाले, असे आरोप बाहेर येऊ लागले. गावावर बंदी असल्यामुळे ही वार्ता फुटण्यासही काही आठवडे लागले. नागपूरहून डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे चौकशीसाठी गेले. काँग्रेसशी त्यांचे जमत नव्हते. तेव्हा चळवळीच्या प्रेमाने ते बोलले असे कोणी म्हणू शकत नव्हते. रमाबाई तांबे यांच्यासह नागपुरातील काही स्त्रियाही चिमुरास गेल्या आणि त्यांनी पीडित स्त्रियांच्या जबान्या लिहून घेतल्या. कुलीन घरातील स्त्रीने असे काही परक्यापुढे सांगणे म्हणजे काय, हे आपल्या समाजास नव्याने सांगावयास नको. तरीही त्या बोलल्या. आता बोलण्याची पाळी सरकारची होती.

मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने चौकशीस नकार दिला. या नकारामागची मनोवृत्ती समजून घेण्यास एक तारीख पुरेशी आहे. आष्टी-चिमूरच्या प्रसंगाच्या आदल्याच दिवशी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी सशस्त्र दलांना खास अधिकार देणारा वटहुकूम काढला होता. कॅप्टन किंवा त्यावरील हुद्द्याच्या अधिकाऱ्यास, प्राण जाईपर्यंत बळ वापरण्याचा हुकूम देण्याची मुभा त्याने दिली; आणि त्याखाली केलेल्या कृत्याबद्दल मध्यवर्ती सरकारच्या परवानगीवाचून खटला भरता येणार नाही, अशी तजवीजही करून ठेवली. बलात्कार हे काही वटहुकुमाखालचे कृत्य नव्हे. परंतु जाब विचारला जाणार नाही अशी हवा एकदा निर्माण झाली, की ती कलमाच्या मर्यादेत राहत नाही.

येथे प्रा. जयकृष्ण भन्साळी पुढे आले. गुजरात विद्यापीठातील हे अध्यापक पुढे विरक्त होऊन देशभर भटकले. मौन मोडू नये म्हणून एकदा त्यांनी तांब्याच्या तारेने आपले ओठ शिवून घेतल्याचे सांगतात. गांधीजींच्या सहवासात ते सेवाग्रामी स्थिरावले. चिमूरची वार्ता कानी येताच ते दिल्लीस गेले व व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील आपले वैदर्भीय सभासद लोकनायक बापूजी अणे यांना भेटले. मागणी एकच होती: निःपक्षपाती चौकशी करा. ती मान्य होईना, तेव्हा १ नोव्हेंबरला अणे यांच्याच निवासस्थानी त्यांनी उपोषण आरंभिले. सरकारने त्यांना सेवाग्रामी पाठविले. तेथून ते उपाशीपोटी पायी चिमूरकडे निघाले. पोलिसांनी त्यांस परत आणले.

आगाखान राजवाड्यातील बंदिवासातून गांधीजींनी भन्साळींशी संपर्क साधण्याची परवानगी मागितली. उपोषण नीतीस धरून नसेल तर आपण त्यांस परावृत्त करू, असे त्यांचे म्हणणे होते. ती परवानगी मिळाली नाही. मध्यप्रांत सरकारने तर उपोषणाच्या बातमीवरच बंधन घातले. हे पाहून देशातील वृत्तपत्रांचे संपादक एक झाले. सरकारने दिलेली नववर्षाच्या पदव्यांची यादी छापावयाची नाही असे त्यांनी ठरविले, आणि ६ जानेवारी १९४३ रोजी एक दिवस वृत्तपत्रेच निघाली नाहीत.

अखेर डॉ. ना. भा. खरे यांची मध्यस्थी फळास आली आणि १२ जानेवारीस, सेवाग्रामच्या उपोषणाच्या ६३ व्या दिवशी, भन्साळींनी उपोषण सोडले. सरकारने पत्रक काढून स्त्रियांच्या अब्रूविषयी आदर व्यक्त केला, लष्कर व पोलीस यांच्या शिस्तीस आपण महत्त्व देतो असे सांगितले, आणि बातम्यांवरील बंधने उठविली. चिमूरच्या स्त्रियांवर खोटेपणाचा जो डाग सरकारी नकाराने पडला होता, तो यामुळे धुतला गेला हे खरे. परंतु चौकशी झाली नाही ती नाहीच. दुसऱ्या बाजूस आष्टी व चिमूरच्या गावकऱ्यांवर खास न्यायालयांपुढे खटले चालले आणि अनेकांस फाशीची शिक्षा झाली. अनसूयाबाई काळे आदींनी ती रद्द व्हावी म्हणून जिवापाड खटपट केली. १९४५ मध्ये व्हाइसरॉय वेव्हेल यांनी उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेवर आणल्या. एकाच घटनेतील एका पक्षासाठी फाशीचा दोर आणि दुसऱ्यासाठी साधा जबाबही नाही, असा तो न्याय होता.

साम्राज्याच्या सरकारास याहून वेगळे वागणे शक्यच नव्हते काय? त्यांचाच इतिहास वेगळे सांगतो. १८९९ साली रंगून येथे वेस्ट केंट पलटणीच्या गोऱ्या सैनिकांनी एका ब्रह्मी स्त्रीवर अत्याचार केला. न्यायालयात कोणी दोषी ठरेना, तेव्हा लॉर्ड कर्झन यांनी सारी पलटणच एडनला धाडली. १९०२ साली सियालकोट येथे नाइन्थ लान्सर्स या मानाच्या घोडदळातील सैनिकांच्या मारहाणीने एक हिंदी स्वयंपाकी मेला. पलटणीने गुन्हेगार दडविले, म्हणून सर्वांच्याच रजा बंद झाल्या. पुढच्या वर्षी दिल्लीच्या दरबारात हे स्वार समोरून जाताना गोऱ्या प्रेक्षकांनी मुद्दाम टाळ्या वाजविल्या. कर्झन यांनी त्या निमूटपणे ऐकून घेतल्या. वंगभंग करणारे कर्झन आपल्याला प्रिय असण्याचे कारण नाही. पण या एका बाबतीत त्यांनी स्वजातीयांचा रोष पत्करला, हे मान्य केले पाहिजे. अर्थात सरसकट शिक्षेत निरपराध सैनिकही भरडला जातो, हा तीतला दोष आहेच.

मग योग्य मार्ग कोणता? अलीकडचे एक उदाहरण पाहू. २००४ साली इराकमधील फलुजा येथे चार अमेरिकन सुरक्षारक्षकांची क्रूर हत्या झाली. तिचा सूत्रधार म्हणून संशय असलेला इसम २००९ मध्ये अमेरिकन नौदलाच्या ‘सील’ या निवडक दलाने पकडला. कैदेत असता आपणास मारल्याची तक्रार त्याने केली. तीन सैनिकांवर आरोप आले. एकावर मारल्याचा, इतरांवर कैद्याची काळजी न घेतल्याचा व खोटे बोलल्याचा. वरिष्ठांकडून किरकोळ खातेनिहाय शिक्षा स्वीकारण्याऐवजी तिघांनीही लष्करी न्यायालयाची मागणी केली, आणि २०१० च्या एप्रिल-मे महिन्यांत तिघेही निर्दोष ठरले. अशा माणसाच्या तक्रारीवरून आपल्या शूरांना पिंजऱ्यात उभे करावे याचा अमेरिकेत पुष्कळांना संताप आला. तो संताप समजण्यासारखा आहे. पण फळ पाहा. घोर गुन्ह्याचा संशय असलेल्या कैद्याचेही म्हणणे ऐकले गेले, आणि ज्यांवर ठपका होता ते सैनिक उघड न्यायालयातून मान ताठ ठेवून बाहेर पडले.

चिमूरच्या सैनिकांना हा मान कधीच मिळाला नाही. त्या तुकडीत हात स्वच्छ राखणारे, कदाचित सोबत्याला आवरणारेही, कोणी असतीलच. पण चौकशी नाकारली गेल्यामुळे अपराधी व निरपराधी एकाच अंधारात बुडाले, आणि चिमूरचे नाव निघाले की सर्वांवरच बोट रोखले जाते. सैन्याचे धैर्य खचेल या भयाने आरोप दडपणारे राज्यकर्ते पीडितांवर तर अन्याय करतातच, पण आपल्या प्रामाणिक शिपायाचीही अब्रू घालवितात.

१९४२ च्या त्या वटहुकुमाच्या धर्तीवरच स्वतंत्र भारतात १९५८ साली सशस्त्र दलांच्या खास अधिकारांचा कायदा झाला. २०१६ मध्ये मणिपूरसंबंधीच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशांत प्रदेशातही अवाजवी बळाचा वापर चौकशीच्या पलीकडचा नाही. भन्साळींनी सूड मागितला नव्हता, कोणाची फाशी मागितली नव्हती. सैनिकांना जाब विचारा, एवढेच त्यांचे मागणे होते. गणवेश कोणत्याही राज्याचा असो, तो घालणाऱ्याचा मान या मागण्याने कमी होत नाही, हे ओळखणे आता आपल्या हाती आहे.