नागरिक आपल्याच सरकारविरुद्ध उठतात का? श्रीलंकेतील २०२२ चा जनउठाव

वस्तीतल्या अभ्यासवर्गात संविधानाची उद्देशिका वाचून झाली की एक प्रश्न हमखास येतो. महागाई वाढते, भरती निघत नाही, शिष्यवृत्ती अडकते, तरी लोक गप्प का? लोक कधी आपल्याच सरकारविरुद्ध उठतील का? विचारणारी मुले-मुली बहुधा विशीतली असतात. त्यांना आम्ही "हो" किंवा "नाही" असे एका शब्दात उत्तर देत नाही. आम्ही त्यांना श्रीलंकेची गोष्ट सांगतो.

श्रीलंका निवडण्याचे कारण साधे आहे. तो आपल्या शेजारचा देश आहे. सुमारे सव्वादोन कोटी लोकसंख्येच्या या देशात साधारण ७० टक्के लोक बौद्ध आहेत. १९५० मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी तिथे गेले होते, त्यामुळे आपल्या समाजाला या देशाविषयी आपुलकी आहे. तिथे लोकांनी ज्याला भरभरून मते दिली, त्याच राष्ट्राध्यक्षाला अडीच-पावणेतीन वर्षांत देशाबाहेर पळावे लागले. हे कसे घडले आणि त्यातून काय साधले, याची माहिती या लेखात एकत्र दिली आहे.

सरकार लोकांनीच निवडले होते

२१ एप्रिल २०१९ रोजी ईस्टरच्या दिवशी श्रीलंकेतील चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले. देश हादरला. सुरक्षा देऊ शकेल असा खंबीर नेता हवा, ही भावना वाढली. नोव्हेंबर २०१९ च्या निवडणुकीत गोटाबाया राजपक्षे ५२ टक्क्यांहून अधिक मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे भाऊ महिंदा राष्ट्राध्यक्ष असताना ते संरक्षण सचिव होते आणि गृहयुद्ध संपवणारे म्हणून त्यांची ओळख होती. त्यांनी शपथ घेतली ती अनुराधपुरच्या रुवनवेलिसाय या प्राचीन स्तूपाच्या परिसरात.

ऑगस्ट २०२० मध्ये त्यांच्या पक्षाने संसदेच्या २२५ पैकी १४५ जागा जिंकल्या. त्याच वर्षी घटनेत विसावी दुरुस्ती करून राष्ट्राध्यक्षाचे अधिकार वाढवण्यात आले. महिंदा पंतप्रधान झाले, पुढे दुसरे भाऊ बासिल अर्थमंत्री झाले, मंत्रिमंडळात कुटुंबातील आणखीही माणसे होती. राजकारणातील व्यक्तिपूजा लोकशाहीला हुकूमशाहीकडे नेते, असे बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावले होते. श्रीलंकेत नेमके हेच घडत होते, आणि तेही मतपेटीतून.

घर कसे बुडाले

सत्तेवर येताच सरकारने मोठी करकपात केली. मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला, तिजोरीत येणारा पैसा आटला. पाठोपाठ कोरोना आला आणि पर्यटन बंद पडले. २०२१ च्या मे महिन्यात रासायनिक खतांची आयात एका फटक्यात थांबवण्यात आली. शेतकऱ्यांना तयारीला वेळ मिळाला नाही, भाताचे आणि चहाचे उत्पादन घसरले. नोव्हेंबरमध्ये ही बंदी मागे घेतली, पण नुकसान होऊन गेले होते.

देशावर सुमारे ५१ अब्ज डॉलरचे परकीय कर्ज होते आणि परकीय चलन संपत आले होते. इंधन, औषधे, दुधाची पावडर, स्वयंपाकाचा गॅस, काहीच पुरेसे आयात होईना. कागद नाही म्हणून मार्च २०२२ मध्ये शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. पेट्रोल-रॉकेलच्या रांगेत उभी असलेली वयस्क माणसे कोसळून मेली. मार्चअखेर दिवसाला १३ तासांपर्यंत वीज जाऊ लागली. १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने परकीय कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर केले.

उठावाचा घटनाक्रम

३१ मार्च २०२२: कोलंबोजवळील मिरिहान येथे राष्ट्राध्यक्षांच्या खासगी निवासस्थानासमोर लोक जमले. संघर्ष झाला. दुसऱ्या दिवशी आणीबाणी लागू झाली, त्यानंतर काही तास समाजमाध्यमेही बंद करण्यात आली. ३ एप्रिलच्या रात्री पंतप्रधान वगळता मंत्रिमंडळाने राजीनामे दिले.

९ एप्रिल: कोलंबोच्या समुद्रकिनारी गॉल फेस मैदानावर तंबू पडले. आंदोलकांनी त्या वस्तीला "गोटा गो गम" नाव दिले. सिंहलीत "गम" म्हणजे गाव. पालीतला "गाम" आणि आपला मराठी "गाव" याच कुळातले. तिथे सार्वजनिक स्वयंपाकघर, वाचनालय, दवाखाना सुरू झाला. या लढ्याला सिंहलीत "अरगलय" म्हणजे संघर्ष असे म्हणतात.

९ मे: सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांनी तंबूंवर हल्ला केला. महिंदा राजपक्षे यांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी उलट हिंसाचारही झाला. सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराचा मृत्यू झाला, अनेक नेत्यांची घरे जळाली. तीन दिवसांनी रनिल विक्रमसिंघे पंतप्रधान झाले.

९ जुलै: आदल्या रात्री पोलिसांनी संचारबंदी लावली. वकिलांच्या संघटनेने ती बेकायदेशीर असल्याचे सांगितले आणि सकाळी ती मागे घ्यावी लागली. देशभरातून लोक बस, ट्रक, रेल्वेने कोलंबोत आले आणि राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले. आत सापडलेली सुमारे १ कोटी ७८ लाख श्रीलंकन रुपयांची रोकड आंदोलकांनी मोजून पोलिसांच्या हवाली केली. त्याच संध्याकाळी विक्रमसिंघे यांचे खासगी घर मात्र पेटवण्यात आले.

१३ जुलै: गोटाबाया मालदीवला पळाले. दुसऱ्या दिवशी सिंगापूरला पोहोचून त्यांनी राजीनामा पाठवला.

लोक नेमके केव्हा उठतात?

भूक लागली की लोक उठतात, असा सर्वसाधारण समज आहे. समाजशास्त्र तसे म्हणत नाही. तसे असते तर आपल्या देशातील सर्वांत गरीब जिल्हे रोज पेटले असते. जेम्स डेव्हिस यांनी १९६२ मध्ये मांडले की परिस्थिती काही काळ सुधारत जाते आणि मग अचानक कोसळते, तेव्हा उठावाची शक्यता वाढते. टेड गर यांनी १९७० मध्ये "सापेक्ष वंचितता" ही कल्पना पुढे नेली. आपल्याला जे मिळायला हवे असे वाटते आणि प्रत्यक्षात जे मिळते, यातील दरी माणसाला अस्वस्थ करते.

श्रीलंकेत साक्षरता आणि आरोग्यसेवा दक्षिण आशियात चांगल्यांपैकी गणली जात होती. मध्यमवर्ग वाढत होता. तो वर्ग वर्षभरात रॉकेलच्या रांगेत आला. आमच्या वाचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, झळ एकाच वेळी सर्वांना बसली. डॉक्टर, रिक्षाचालक, भातशेतकरी, विद्यार्थी एकाच रांगेत उभे राहिले. दुसरी, दोष कोणाचा हे स्पष्ट दिसत होते, कारण निर्णय एकाच कुटुंबाच्या हातात होते. तिसरी, सत्तेचा हात अडखळला. एप्रिलमध्ये रंबुक्कन येथे पोलिसांच्या गोळीबारात एक जण मारला गेला, तरी ९ जुलैला लष्कराने त्या गर्दीवर सरसकट बंदुका चालवल्या नाहीत.

या तिसऱ्या गोष्टीला अहिंसेचा आधार होता. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ मधील ३२३ चळवळींचा अभ्यास केला. अहिंसक चळवळींपैकी सुमारे ५३ टक्के यशस्वी झाल्या, सशस्त्र चळवळींपैकी सुमारे २६ टक्के. आजी, भिक्खू आणि शाळकरी मूल एकाच गर्दीत असेल तर बंदूक रोखणाऱ्याचा हात थबकतो.

मग आधी का उठले नाहीत?

इथे आपल्या समाजाने थांबून विचार करावा असा मुद्दा आहे. याच राज्यसंस्थेविरुद्ध श्रीलंकेत अनेकजण आधीपासून ओरडत होते. स्वातंत्र्य मिळालेल्या वर्षीच, १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांतील सुमारे सात लाख तमीळ मजूर नागरिकत्वाबाहेर फेकले गेले. १९५६ मध्ये केवळ सिंहली ही राजभाषा झाली. जुलै १९८३ मध्ये तमिळांची कत्तल झाली. २००९ मध्ये युद्ध संपले, पण बेपत्ता झालेल्यांचा हिशेब मिळाला नाही. किलिनोच्ची येथे बेपत्ता मुलांच्या माता फेब्रुवारी २०१७ पासून धरणे धरून बसल्या. कोरोनाकाळात मुस्लिमांचे मृतदेह कुटुंबाच्या इच्छेविरुद्ध जाळले गेले.

तेव्हा गॉल फेसवर तंबू पडले नाहीत. बहुसंख्याक समाजाची चूल विझली तेव्हा पडले. आणि या सगळ्या काळात सत्तेला धर्माचे पाठबळ देणाऱ्यांत काही भिक्खूही होते, हे आपण लपवू नये. तथागतांची करुणा ज्या देशाच्या ध्वजावर पिंपळपानाच्या रूपाने आहे, तिथे हे घडले. आपण भारतात बौद्ध आहोत, पण आपली जागा तिथल्या सिंहली बौद्धांची नाही. आपली जागा त्या किलिनोच्चीच्या मातांजवळ आहे. खैरलांजीनंतर, किंवा गावातल्या बहिष्कारानंतर, आपण एकटेच रस्त्यावर होतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

तरी अरगलयने एक दार किलकिले केले, हेही नोंदवले पाहिजे. गॉल फेसवर रमजानचे इफ्तार झाले. भिक्खू, ख्रिस्ती धर्मगुरू आणि मौलवी एकत्र उभे राहिले. १८ मे २०२२ रोजी युद्धात मेलेल्या तमिळांचे स्मरण त्याच मैदानावर झाले. राजधानीत इतक्या उघडपणे असे स्मरण ही छोटी गोष्ट नव्हती.

उठावानंतर काय?

गोटाबाया गेले, पण लोकांच्या हाती सत्ता आली नाही. २० जुलैला संसदेने १३४ मतांनी विक्रमसिंघे यांना राष्ट्राध्यक्ष केले. दोन दिवसांत पहाटे लष्कर आणि पोलिसांनी आंदोलकांची मुख्य छावणी उधळली. विद्यार्थी नेत्यांना दहशतवादविरोधी कायद्याखाली डांबले. सप्टेंबर २०२२ मध्ये महागाईचा दर ७० टक्क्यांच्या आसपास गेला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जासोबत करवाढ आणि वीजदरवाढ आली. तिची सर्वाधिक झळ गरिबांना बसली. २०२३ च्या स्थानिक निवडणुका पैसे नसल्याचे कारण देऊन लांबवल्या गेल्या.

पण लोक घरी जाऊन विसरले नाहीत. १४ नोव्हेंबर २०२३ रोजी नागरिकांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने राजपक्षे बंधू आणि काही उच्च अधिकाऱ्यांना आर्थिक संकटासाठी जबाबदार ठरवले. सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. २०१९ मध्ये त्यांना जेमतेम तीन टक्के मते होती. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीने २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या. तमीळबहुल जाफना जिल्ह्यातही ती पहिली आली.

दिसानायके यांच्या जनता विमुक्ती पेरमुन या पक्षाने १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८७ ते १९८९ मध्ये सशस्त्र बंड केले होते. दोन्ही वेळा हजारो तरुण मारले गेले आणि सत्ता दूरच राहिली. बंदुकीने जे दोनदा मिळाले नाही, ते मतपेटीने मिळाले. नवे सरकार आश्वासने पाळते की नाही, हे तिथले लोक पाहतीलच.

बाबासाहेबांची कसोटी

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की घटनात्मक मार्ग खुले असताना रक्तरंजित मार्ग, कायदेभंग, सत्याग्रह यांना समर्थन उरत नाही, ते अराजकाचे व्याकरण ठरते. हे वाक्य आज आंदोलकांना गप्प करण्यासाठी वापरले जाते. पण घटनात्मक मार्ग शिल्लक नव्हते तेव्हा त्या मार्गांना बरेच समर्थन होते, हेही त्यांनी तिथेच म्हटले. आणि सामाजिक-आर्थिक विषमता लवकर दूर केली नाही तर तिचे बळी राजकीय लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील, हा इशाराही त्याच भाषणात आहे. म्हणजे जबाबदारी दोन्हीकडे आहे. नागरिकाने घटनात्मक मार्ग सोडू नये, आणि सरकारने तो मार्ग बुजवू नये.

बुद्धवचनातही याचा आधार सापडतो. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात पहिला राजा "महासंमत" आहे, म्हणजे लोकांनी संमतीने निवडलेला. चक्कवत्ति सीहनाद सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही, त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून हिंसा वाढत जाते. दोष आधी राजाच्या कर्तव्यच्युतीचा आहे.

आपल्याकडे या मार्गाचा मोठा दाखला आहे. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाखो माणसे, त्यांत लेकुरवाळ्या बाया, शांतपणे तुरुंगात गेल्या. तो आपल्याच स्वतंत्र देशाच्या सरकारविरुद्धचा लढा होता आणि त्याची मागणी कसायला जमीन ही होती. तो न शिकवता आपण तरुणांना "लोक उठत नाहीत" असे सांगत असू, तर चूक आपली आहे.

म्हणून अभ्यासवर्गात आमचे उत्तर असे असते. लोक उठतात. पण राष्ट्राध्यक्षाचा वाडा रिकामा होणे हा शेवट नसतो. त्यानंतर न्यायालयात याचिका, मतदारयादीत नाव, वस्तीत संघटना हे काम वर्षानुवर्षे करावे लागते. आणि शेजारच्या वस्तीवर अन्याय होतो तेव्हा आपण उठलो नाही, तर आपल्यावेळी कोण येईल, हा प्रश्न आजच विचारावा लागतो. गेल्या वर्गात हे ऐकून एका मुलीने विचारले, "मग ताई, आपण पुढच्या रविवारी पारधी वस्तीवर जायचं का?" आम्ही गेलो. तिथल्या अकरा घरांची नावे मतदारयादीत नव्हती. सध्या ते अर्ज भरण्याचे काम सुरू आहे.