भाग ४१: रांग रिकामी झाली, पत्रं कुठे गेली?

आजचा भाग मेल सर्व्हरच्या क्यूबद्दल, म्हणजे न गेलेल्या पत्रांच्या रांगेबद्दल आहे. कमांड मी नेहमीप्रमाणे तोंडानेच सांगणार, टाइप तुम्ही करा. पण आधी एक कबुली.

नोकरीला लागून मला दीड वर्ष झालं होतं. शुक्रवारची रात्र, ऑन-कॉल मी एकटाच. एका क्लायंटच्या वेबसाइटवरचा संपर्काचा फॉर्म स्पॅमवाल्यांना सापडला आणि आमच्या पोस्टफिक्स सर्व्हरवर काही तासांत हजारो मेल साचले. मी मेलक्यू टाइप केलं तर स्क्रीन थांबेचना. इंटरनेटवर उपाय शोधला आणि रूट होऊन टाइप केलं: पोस्टसुपर, डॅश डी, पुढे कॅपिटल अक्षरांत ऑल. थोड्या वेळाने परत मेलक्यू केलं. उत्तर आलं, क्यू रिकामा आहे. मी खुशीत झोपलो.

शनिवारी सकाळी फोन. त्याच सर्व्हरवरून एका शिक्षणसंस्थेची प्रवेशाची पत्रं जायची. सोमवारपर्यंत फी भरा, नाहीतर जागा गेली, अशी ती पत्रं. आमच्याकडून एवढा स्पॅम गेल्यामुळे समोरच्या मोठ्या मेल कंपन्या आमचं काहीच घेत नव्हत्या, 'नंतर या' म्हणत होत्या. त्यामुळे ही चांगली पत्रंही स्पॅमसोबत रांगेत थांबली होती. मी सगळ्यांना एकाच झाडूने बाहेर काढलं. आणि गंमत बघा, संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पत्रापुढे 'पाठवलं' असंच दिसत होतं. एका मुलीच्या वडिलांनी संस्थेत फोन करून विचारलं, "तुमच्याकडे पाठवलं दिसतंय, मग आमच्याकडे का नाही आलं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर चाळीसेक वर्षं मागे जावं लागतं.

रात्रीची वाट बघणारी पत्रं

आज आपल्याला वाटतं की मेल म्हणजे बटण दाबलं आणि गेला. सुरुवातीला तसं नव्हतं. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी यूयूसीपी लिहिलं. एक युनिक्स मशीन मोडेमने दुसऱ्याला फोन लावणार, साचलेल्या फाइली देणार-घेणार आणि फोन ठेवणार. फोनचे दर रात्री स्वस्त, म्हणून बरेच जण रात्रीच फोन लावायचे. तोवर पत्र डिस्कवर स्पूल नावाच्या डिरेक्टरीत पडून राहायचं. पत्त्यातही वाटेतल्या प्रत्येक मशीनचं नाव उद्गारचिन्हांनी जोडून द्यावं लागे. कोल्हापूरहून नागपूरला पार्सल पाठवताना वाटेतला प्रत्येक एसटी डेपो आपणच लिहून द्यायचा, तसं.

आपल्याकडची सुरुवातही हीच. १९८६-८७ च्या सुमारास अर्नेट उभं राहायला लागलं ते डायल-अपवर, यूयूसीपीने, आणि तेव्हा त्यावर मिळणारी सेवा मुख्यतः एकच, ईमेल. दिल्ली-मुंबई पहिली लीज्ड लाइन आली जानेवारी १९९१ मध्ये, ९६०० बिट प्रति सेकंदाची. आजचा एक एमबीचा फोटो तिच्यावरून जायला चौदा-पंधरा मिनिटं लागली असती. पुढच्या वर्षी मुंबईत जुहूच्या एनसीएसटीतून अमेरिकेला ६४ किलोबिटची लाइन जोडली गेली. इतक्या बारीक नळीतून पाणी यायचं म्हणजे टाकी हवीच. ती टाकी म्हणजे क्यू. मेलसाठी रांग हा बिघाड नव्हता, रांग होती म्हणून मेल चालत होता.

ऑलमन आणि अकाउंट मागणारी मंडळी

आता बर्कलीला जाऊ. १९७० च्या दशकाच्या शेवटी एरिक ऑलमन कॅलिफोर्निया विद्यापीठात इन्ग्रेस या डेटाबेसच्या प्रकल्पावर काम करत होते. त्या प्रकल्पाच्या मशीनला अर्पानेटचं कनेक्शन होतं. झालं! जो तो येऊन म्हणायला लागला, मला या मशीनवर अकाउंट दे, मला अर्पानेटचा मेल वाचायचाय. ऑलमनने विचार केला की माणसं मशीनकडे आणण्यापेक्षा मेलच माणसांच्या मशीनवर नेऊया. त्यातून १९७९ मध्ये डिलिव्हरमेल आलं आणि त्याचंच पुढे सेंडमेल झालं. १९८३ पासून ते बीएसडी युनिक्सबरोबर घरोघरी पोचलं.

सेंडमेलची रांग म्हणजे एक साधी डिरेक्टरी, एमक्यू. प्रत्येक पत्राच्या दोन फाइली. क्यूएफने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये कोणाचं, कोणाला, आधी काय अडलं हा लिफाफ्यावरचा मजकूर, आणि डीएफने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये आतलं पत्र. रांग बघायची तर मेलक्यू, रांग हलवायची तर सेंडमेल डॅश क्यू. बऱ्याच ठिकाणी हे दर अर्ध्या तासाने आपोआप चाले. पुसायला मात्र वेगळी कमांडच नव्हती. ॲडमिन त्या डिरेक्टरीत शिरायचा आणि आरएम वापरून दोन्ही फाइली हाताने उडवायचा. चार तास पत्र अडकलं की 'अजून गेलेलं नाही, पण प्रयत्न चालू आहेत, पुन्हा पाठवू नका' असं एक टपाल परत यायचं. जुन्या मंडळींना आठवत असेल.

२५० म्हणजे शब्द दिला

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ लिहिलं आणि त्यात एसएमटीपीचे नियम मांडले. दोन सर्व्हरांचं बोलणं असतं ते हे. मी पत्र देतो, शेवटी एका ओळीत फक्त एक पूर्णविराम देतो, आणि समोरचा म्हणतो, २५०. झालं, व्यवहार संपला.

या २५० चा अर्थ काय, हे १९८९ च्या आरएफसी ११२३ ने अगदी ठणकावून सांगितलं. २५० म्हटलंत की पत्राची जबाबदारी तुमची. मशीन बंद पडलं, डिस्क भरली, असल्या किरकोळ कारणांनी ते हरवायचं नाही. पोचवता आलं नाही तर पाठवणाऱ्याला तसं कळवायचं. परत प्रयत्न करताना निदान अर्धा तास थांबायचं, आणि सोडून देण्याआधी किमान चार-पाच दिवस प्रयत्न करायचे. म्हणूनच आज पोस्टफिक्समध्ये आपण काही बदललं नाही तर पत्र पाच दिवस रांगेत राहतं. क्यूमेलमध्ये सात.

आपल्याकडे यासाठी छान शब्द आहे, पोचपावती. पण २५० ही मालकाला माल मिळाल्याची पोचपावती नाही. हमालाने ओझं उचलल्याची आहे. संस्थेच्या सॉफ्टवेअरला आमच्या सर्व्हरने २५० दिलं, त्याने 'पाठवलं' लिहिलं आणि त्या पत्राची आठवण सोडली. ते चूक नव्हतंच. त्या क्षणी जगात त्या पत्राचा वाली एकच होता, आमची रांग. आणि तिथे झाडू घेऊन मी.

पाहणारे आणि पुसणारे

२ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म पसरला. त्याच्या शिरायच्या वाटांपैकी एक सेंडमेलचा डीबग मोड होती. एकाच मोठ्या प्रोग्रामला रूटचे सगळे अधिकार देणं किती महाग पडतं, ते कळलं. पुढच्या दहा वर्षांत तीन पर्याय आले.

केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझेल यांनी १९९५ मध्ये एक्झिम सुरू केलं. त्यात पत्र गोठवायची सोय आहे. डॅश कॅपिटल एम एफ म्हणजे फ्रीझ, डॅश कॅपिटल एम टी म्हणजे थॉ, गोठलेलं परत वितळवा. डॅन बर्नस्टाइन यांच्या क्यूमेलने रांगेचे छोट्या छोट्या प्रोग्रामांत तुकडे केले. आणि डिसेंबर १९९८ मध्ये आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात काम करणारे वित्से व्हेनेमा यांनी पोस्टफिक्स जगाला दिलं.

पोस्टफिक्समध्ये रांग एक नाही. नवीन आलेल्यांची इनकमिंग, आत्ता जाणाऱ्यांची ॲक्टिव्ह, अडलेल्यांची डिफर्ड, आणि ॲडमिनने मुद्दाम थांबवलेल्यांची होल्ड. डिफर्डमधलं पत्र किती वेळाने परत उचलायचं, ते त्याच्या वयावर ठरतं. आधी पाच मिनिटांनी, मग वाढत वाढत ४००० सेकंदांपर्यंत, म्हणजे तासाच्या थोडं वर. म्हणून अधीर होऊन सारखं पोस्टक्यू डॅश एफ मारू नका. अडलेली पत्रं पुढे घुसतात आणि जाऊ शकणारी मागे पडतात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कमांडांची वाटणी. पोस्टक्यू डॅश पीने साधा युजरही रांग बघू शकतो. पोस्टसुपर फक्त रूटला चालतं. बघण्याचा हक्क एकीकडे, पुसण्याचा दुसरीकडे. पोस्टसुपरच्या मॅन्युअलमध्ये आणखी एक इशारा आहे. पत्राचा क्यू-आयडी फाइलच्या आयनोड नंबरवरून बनतो, आणि जुनं पत्र गेलं की तो नंबर नव्या पत्राला मिळू शकतो. तुम्ही यादी वाचून कमांड देईपर्यंत त्याच आयडीखाली भलतंच पत्र बसलेलं असू शकतं! २०१२ च्या २.९ आवृत्तीत यासाठी लांब आयडीची सोय आली, पण ती सेटिंगमध्ये जाऊन आपण चालू करायची असते.

हे मॅन्युअल त्या रात्रीही माझ्या मशीनवर होतं. मी वाचलं नव्हतं.

मग झालं काय?

लॉगने वाचवलं, अर्धवट. लॉगमध्ये आयडी, पाठवणारा, घेणारा आणि का अडलं, हे सगळं असतं. पत्रातला मजकूर नसतो. आम्ही तिघांनी शनिवारभर ग्रेप आणि ऑक चालवून तीनशेच्या वर पत्ते काढले. संस्थेने दुसऱ्या सर्व्हरवरून पत्रं परत पाठवली, फोन केले आणि फीची मुदत दोन दिवस वाढवली. कोणाची जागा गेली नाही. पण ते संस्थेच्या माणुसकीमुळे, माझ्यामुळे नाही.

आता रांग तुंबली की मी आधी पोस्टक्यू डॅश पी करून कोणत्या पत्त्यावरून किती पत्रं आहेत ते मोजतो. दोन-चार पत्रं पोस्टकॅट डॅश क्यूने उघडून बघतो. संशयित सगळी पोस्टसुपर डॅश स्मॉल एचने होल्डमध्ये टाकतो. चुकलं तर कॅपिटल एचने बाहेर काढता येतात. आणि डॅश डी, फक्त खात्रीच्या आयडींना. 'ऑल' मी आजवर परत टाइप केलेलं नाही.

त्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर इतकंच, की पत्र आमच्याकडे आलं होतं, आम्ही उचललंही होतं, आणि वाटेत मी ते टाकून दिलं.

तर मंडळी, तुमच्या हातून रांगेत काय काय झालंय, ते कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर बॅकअप घेत राहा!