रुपयामागे वीस पैसे

आठ-अचा उतारा काढला की त्यावर ‘स्थानिक कर’ असा एक रकाना असतो. त्याचे दोन भाग, जि.प. आणि ग्रा.पं. रक्कम इतकी किरकोळ की तिकडे कुणी बघत नाही. क्षेत्र बरोबर लागलंय ना, एवढं पाहून लोक उतारा घडी करून खिशात घालतात. आमचे आण्णा, म्हणजे माझे आजोबा, मात्र आधी त्या रकान्यावर बोट ठेवायचे. “ही आपली शाळा,” म्हणायचे, “आन् ही आपली दिवाबत्ती.”

आण्णांची चार एकर जमीन श्रीपूरच्या शिवारात, नीरा उजव्या कालव्याखाली. पाट येण्याआधी हा सगळा माळ होता, असं त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. ज्वारी, करडई, आणि पावसानं दगा दिला तर तेही नाही. भाटघर धरणाचं पाणी पाटानं इथवर आलं, मग ऊस आला, आणि उसापाठोपाठ कारखाना. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा. पुढे तो पांडुरंग सहकारी झाला. कारखान्यानं गाव वर काढलं हे आण्णांनाही मान्य होतं, पण ते आणखी एक पायरी खाली उतरायचे. “कारखाना आगाशांनी काढला, खरं हाय. पर पाट कुणाच्या पैशानं झाला? समद्या मुलखातल्या कुणब्यानं भरलेल्या साऱ्यातनं.”

उसाचं बिल आलं की संध्याकाळी दिव्याखाली त्याचं वाचन व्हायचं. आण्णांना अक्षरओळख जेमतेम, म्हणून वाचायचे माझे वडील. आधी वजन, मग दर, मग कपाती. सोसायटीचं कर्ज वजा, पाणीपट्टी वजा. वर्षभर नमुना सातचे अर्ज भरून, पाटकऱ्याच्या मागं हिंडून घेतलेल्या पाण्याची पट्टी कारखानाच बिलातून कापून पाटबंधारे खात्याकडे भरायचा. आजी चुलीपुढून कुरकुरायची, “अवो, समदं तितंच कापून घ्येत्यात. हातात काय येतंय?” आण्णा कर्जाच्या आकड्यावर चिडायचे, बियाण्याच्या आकड्यावर चिडायचे, पट्टीच्या आकड्यावर त्यांना चिडलेलं कुणी पाहिलं नाही.

1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे वीस पैसे उपकर परिषदेला, अशी कायद्यात तरतूद झाली; पाणीपट्टीवरही उपकर बसला. त्या परिषदेकडे प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं. म्हणजे आण्णांचं बोट बरोबर जागी पडत होतं.

वडील शिकले ते ईबीसीवर. घरचं उत्पन्न बाराशेच्या आत असल्याचा दाखला दिला की फी माफ. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ही सवलत आली आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांत पहिला मॅट्रिक झाला. वडील शिक्षक झाले. 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला आणि त्यांच्या पगारातून दरमहा थोडे पैसे कापले जाऊ लागले. ते पैसे रोजगार हमीसाठी, वि. स. पागे यांच्या योजनेसाठी. नोकरदारानं द्यायचे, आणि सरकारनं त्यात तेवढीच भर घालायची.

आता आत्याआजीचं सांगतो. आण्णांची ही बहीण सांगोल्याकडं दिलेली. तिच्याकडं ना पाट, ना ऊस. बहात्तरच्या दुष्काळात तिनं खडी फोडली. उजव्या अंगठ्याचं नख हातोड्याखाली सापडून गेलं ते पुन्हा सरळ आलंच नाही. लहानपणी मी ते वाकडं, काळं नख धरून बसायचो. पुढंही कैक उन्हाळे ती नालाबंडिंगवर, पाझर तलावावर जात राहिली. एकदा दिवाळीला वडिलांनी तिला पगाराची चिठ्ठी दाखवली आणि म्हणाले, “आत्या, हे बघ, हे कापलेलं तुझ्याकडं येतंय.” तिनं कागद उलटसुलट केला, वडिलांच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. इतकं नितळ नातं मी सरकार आणि माणूस यांच्यात नंतर पाहिलं नाही.

वडिलांनीच एकदा महात्मा फुल्यांचं निवेदन आण्णांना समजावून सांगितलं होतं. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हेच मांडलं होतं, की सरकारी तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो. लोकल फंडाच्या उपकरातला निम्मा पैसा प्राथमिक शिक्षणाला द्या, ही त्यांची मागणी होती. आण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “शंभर वर्सं झाली की.”

माझा पुतण्या पुण्यात आयटीत आहे. माझ्या पगारातून एवढा कर जातो, तो फुकट्यांवर उधळतात, असं तो परवा म्हणाला. पोरगा कष्टाळू आहे, त्याचा राग मला कळतो. रस्त्यात खड्डे आणि शाळेत शिक्षक कमी असले की कुणालाही येईल. त्या रागानं त्यानं हिशेब मागावा. पण ‘फुकट’ हा शब्द मला सहन होत नाही. बीडकडनं येऊन आमच्या फडात ऊस तोडणारी बाई तेलावर, साबणावर कर भरते, आणि त्याची पावतीसुद्धा तिच्या नावानं फाटत नाही. तिच्या पोरासाठी साखरशाळा असेल, तर ते तिचं येणं आहे.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आईला घेऊन अकलूजच्या सरकारी दवाखान्यात गेलो होतो. पुढं एक म्हातारी. खिडकीशी उभी राहून पदराची गाठ सोडत होती, ती लवकर सुटेना. आतून मुलगी म्हणाली, आजी, पैसे नकोत. म्हातारी ओशाळली, नोट तशीच हातात धरून माझ्याकडं वळली.

“राहू द्या मावशी,” मी म्हणालो. “तुम्ही आधीच भरलेत.”

“कवा?” तिनं विचारलं.

तिच्या हातात बाजाराची पिशवी होती. वर तेलाचा पुडा दिसत होता, साबणाची वडी होती. मी त्यांच्याकडं बोट केलं.