बडतर्फ सेनापतीचें परतणें

अकोल्याहून पश्चिमेकडे बाळापुरास जाणाऱ्या प्रवाशाला तेथील नदीकांठीं काळ्या दगडाची एक सुबक छत्री आढळते. औरंगजेबाचा नामांकित रजपूत सेनापति मिर्झाराजा जयसिंह याच्या नांवाशीं वऱ्हाडांतील परंपरा ही छत्री जोडते. तिच्या कोरीव खांबांखालीं घटकाभर विसावा घेणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना हें स्मरत असेल कीं, मराठ्यांच्या इतिहासांतील एका दुर्दैवी पुरुषाच्या आयुष्याला जी विलक्षण कलाटणी मिळाली, ती याच जयसिंहामुळें. तो पुरुष म्हणजे शिवाजीमहाराजांचा सरनौबत नेताजी पालकर.

धन्यानें एकदां दूर केलेल्या सेवकानें पुन्हां त्याच धन्याच्या दाराशीं जावें कीं नाहीं, हा प्रश्न फार जुना आहे. अमरावतीच्या एखाद्या कचेरींतला कारकून असो वा अकोल्याच्या जिनिंगमधला कामकरी असो, कामावरून कमी केलेल्या माणसाच्या मनांत हा प्रश्न केव्हां ना केव्हां उभा राहतो. एकीकडे जुन्या सेवेचा ओढा असतो, तर दुसरीकडे झालेला अपमान असतो. नेताजीच्या आयुष्यांत हा प्रश्न जितक्या कठोर रूपानें उभा राहिला, तितका तो क्वचितच कोणापुढें उभा राहिला असेल.

1659 सालीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखानाचा निकाल लागल्यानंतर आदिलशाही मुलखांत खोलवर मुसंडी मारणाऱ्या मराठी घोडदळाचा नायक नेताजीच होता. त्याचा दरारा एवढा कीं लोक त्याला प्रतिशिवाजी म्हणत. पुढें जून 1665 मध्यें पुरंदरचा तह झाला, आणि त्या तहान्वये महाराजांना जयसिंहाच्या बाजूनें विजापुरावर चालून जावें लागलें. ती मोहीम फसली. तेव्हां जानेवारी 1666 मध्यें महाराजांनीं पन्हाळ्यावर रात्रीचा छापा घातला. परंतु किल्लेकरी सावध होते. सुमारें एक हजार माणसें कामास आलीं आणि माघार घ्यावी लागली. नेताजी आपल्या फौजेसह वेळेवर येऊन पोंचला नाहीं, म्हणून महाराजांनीं त्याला दोष देऊन पदावरून दूर केलें, असें सभासद बखरीवरून दिसतें. त्याची सरनौबती कडतोजी गुजर याला प्रतापराव हा किताब देऊन सांगण्यांत आली.

या शिक्षेंत अन्याय झाला काय? हजार माणसांचा बळी गेल्यावर सेनापतीच्या जुन्या पराक्रमाचा हिशेब मांडीत बसणें कोणत्याहि राजाला परवडणारें नव्हतें. तथापि ज्याच्यावर असा प्रसंग ओढवतो, त्याला एका रात्रीच्या विलंबापुढें अनेक वर्षांची सेवा फुकट गेलीसें वाटणें हेंहि तितकेंच स्वाभाविक आहे. नेताजी रागानें विजापूरकरांकडे गेला. हा गेलेला मोहरा आपल्या हातीं असावा, हें जयसिंहानें तत्काळ ताडलें. त्यानें पांच हजारांची मनसब, जहागीर आणि 38,000 रुपये रोख देऊन मार्च 1666 मध्यें त्याला मोगलांकडे ओढलें. ज्याला घरीं नको म्हटलें, त्याची बाहेर एवढी किंमत आली!

या मनसबीचे पडसाद आग्र्याच्या दरबारांतहि उमटले. त्याच वर्षीं मे महिन्यांत महाराजांना तेथें पंचहजारी सरदारांच्या रांगेंत उभें करण्यांत आलें. आपला लहान मुलगा पंचहजारी, आपला नोकर नेताजीहि पंचहजारी, मग आपली योग्यता तेवढीच काय, अशा आशयाचे संतप्त उद्गार त्यांनीं काढल्याचें सांगतात.

परंतु नव्या धन्याचा विश्वास फार दिवस टिकला नाहीं. ऑगस्टमध्यें महाराज आग्र्याहून निसटतांच औरंगजेबाला नेताजीचाहि संशय आला. ज्या जयसिंहानें त्याला मान देऊन आणलें, त्याच जयसिंहाला त्याला कैद करण्याचा हुकूम झाला, आणि ऑक्टोबरमध्यें धारूर येथें तो अंमलांत आला. नेताजीला दिल्लीस नेलें. तेथें 1667 च्या आरंभीं त्यानें धर्मांतर पत्करलें, आणि मुहम्मद कुलीखान हें नांव व तीन हजारांची मनसब देऊन त्याला काबूलकडे धाडण्यांत आलें. वाटेंत लाहोरच्या बाजूस त्यानें पळून जाण्याचा यत्न केला, पण तो पकडला गेला.

खुद्द जयसिंहाचें काय झालें? विजापूरच्या मोहिमेंत त्यानें स्वतःच्या पदरची अपार संपत्ति खर्चिली होती. बादशहानें तिची भरपाई तर केली नाहींच, उलट त्याला दक्षिणेंतून परत बोलावून शहाजादा मुअज्जमला त्याच्या जागीं नेमलें. खिन्न मनानें उत्तरेकडे निघालेला हा वृद्ध सेनापति ऑगस्ट 1667 मध्यें बऱ्हाणपुरास वारला. जन्मभर एकनिष्ठ राहिलेल्या सेवकाच्या पदरीं ही उपेक्षा पडली.

नेताजी दूर असतांना इकडे काळ थांबला नव्हता. 1668 च्या समेटांत संभाजीराजांना वऱ्हाडांत मोगली जहागीर मिळाली होती. तो समेट मोडला. 1670 च्या अखेरीस प्रतापरावानें वऱ्हाडांतील श्रीमंत कारंजा शहर लुटलें. तें शहर पुढें अनेक वर्षें अकोला जिल्ह्यांत होतें व 1998 पासून वाशीम जिल्ह्यांत आहे. चार हजार बैल आणि गाढवें भरून लूट गेली. तिची किंमत एक कोटि रुपये सांगतात. वऱ्हाडांत दौडणारी ती फौज एके काळीं नेताजीच्या हुकुमांत होती, आणि तो मात्र अटकेपलीकडे मोगलांची चाकरी करीत होता. 1674 मध्यें प्रतापराव नेसरीस धारातीर्थीं पडला, हंबीरराव मोहिते सरनौबत झाला, आणि त्याच सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला.

सुमारें नऊ वर्षांनीं, 1676 मध्यें, दिलेरखानाबरोबर नेताजी पुन्हां दक्षिणेंत आला. आतां निर्णयाची घटका आली. मोगलांकडे मनसब होती, पोटाची ददात नव्हती. रायगडावर काय होतें? जुनें पद दुसऱ्याकडे गेलेलें, धर्म पालटलेला, समाज पंक्तीला घेईल कीं नाहीं याची शाश्वति नाहीं, आणि ज्या धन्यानें दूर केलें तोच धनी. लाभाच्या तराजूंत तोलून पाहिल्यास मोगलांचें पारडें निःसंशय जड होतें. तरीहि नेताजी मोगली छावणींतून निसटला आणि रायगडास आला. त्याचें मन सांगणारें त्याच्या हातचें पत्र उपलब्ध नाहीं. पण लाहोरकडे फसलेलें पलायन व हें दुसरें पलायन एकत्र पाहिलें म्हणजे त्याच्या मनाची ओढ कोठें होती हें उघड होतें.

महाराजांनींहि दार बंद केलें नाहीं. जून 1676 मध्यें प्रायश्चित्त देऊन त्याला स्वधर्मांत परत घेण्यांत आलें. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. माणूस परत घेतला, सरनौबती परत दिली नाहीं. ती हंबीररावाकडेच राहिली. त्याला ती चाकरी सांगितली होती ती नेताजीची जागा राखण्यासाठीं नव्हे. ती त्याची स्वतःची होती. माणसाला घरांत घेणें आणि त्याची जुनी गादी त्याला मोकळी करून देणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलींत औदार्य असतें, दुसरींत कोणावर तरी अन्याय होण्याचा संभव असतो. हा भेद धन्यानें पाळला आणि सेवकानें मानला, म्हणूनच हें परतणें निभावलें.

जुन्या चाकरीकडे वळूं पाहणाऱ्यानें म्हणून आधीं आपल्या मनाला विचारावें, कीं आपल्याला तें घर हवें आहे कीं ती खुर्ची? खुर्ची हवी असेल, तर ती बहुधा भरलेली असते, आणि मग अपमान दुसऱ्यांदा सोसावा लागतो. घर हवें असेल, तर मधलीं वर्षें कितीहि वाईट गेलीं असलीं तरी वाट सांपडते. बाळापुरची छत्री ज्याच्या नांवानें ओळखली जाते, त्या जयसिंहाला अखेरीस परतायला असें घर उरलें नाहीं. नेताजीला तें मिळालें.