चंद्रपूर-गडचिरोली : प्रागितिहास व प्रारंभिक इतिहास
घनदाट जंगलामुळे हा मुलूख इतिहासाबाहेर राहिला, हा समज पुराव्यापुढे टिकत नाही. चंद्रपूरजवळच्या पापामिया टेकडीवर अश्मयुगीन हत्यारे सापडली. चिमूर तालुक्यात हिरापूरला महापाषाणीय शिलास्मारके आहेत. विखुरलेल्या अशा अवशेषांवरून राजसत्तेचा संबंध सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्तच. त्याला उत्तर देते ती नागभीड तालुक्यातील देवटेकची शिळा. तिच्यावरचा, अशोककालीन मानला जाणारा ब्राह्मी लेख प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करतो. निर्मनुष्य रानात असला हुकूम कोण कशाला कोरील? त्याच दगडावर पुढे वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा लेख आला. त्यातले चिक्कंबुरी हे स्थळ म्हणजे शेजारचे चिकमारा गाव, असे पुराभिलेखतज्ज्ञ वा. वि. मिराशी यांचे मत आहे.